याले लढाले जागा कुठी हाय?

काचेच्या बरणीतला 'फायटर' मासा तुम्ही पाहिला असेल, कदाचित विकतही घेतला असेल. तो लढतो कशासाठी, आणि कुठे? मला त्याचं उत्तर वडनेर भोलजीच्या नाल्यावर मिळालं.

मागच्या वर्षी मी हॉस्टेलच्या खोलीत एक मासा आणला. दीडशे रुपयांना. दुकानात तो ज्या डबीत होता ती चहाच्या ग्लासापेक्षा जरा मोठी असेल, बस. अशा तीस-चाळीस डब्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीत एक मासा, आणि दोन डब्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा.

"पुठ्ठा काढू नका ताई, एकमेकांना बघितलं की पिसाळतात," दुकानदार म्हणाला. "याला मशीन लागत नाही, जास्त पाणी लागत नाही. एवढ्याशा बरणीत आरामात जगतो. डबक्यातलाच मासा आहे तो."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

मी निळा घेतला, माझ्या रूममेटनं लाल. माझ्याचं नाव रॉकी. टेबलावर दोन बरण्या शेजारी शेजारी, मध्ये वहीचा पुठ्ठा. रात्री मेसचं जेवण झालं की आमचा खेळ सुरू. पुठ्ठा काढायचा. रॉकी क्षणात बदलायचा. कल्ल्यांची झाकणं छत्रीसारखी उघडायची, पर ताणले जायचे, अंगावरचा निळा रंग पेटल्यासारखा दिसायचा. मग काचेवर धडका. समोरून लाल पठ्ठ्याच्याही धडका. आम्ही मोबाइल घेऊन तयारच. रील, खाली ढॅणढॅण म्युझिक. खरं सांगते, मी आजवर टाकलेल्या रील्समध्ये सगळ्यात जास्त लाइक्स त्याच रीलला आले.

दिवाळीच्या सुटीत रॉकीला घेऊन मी गावी आले. आमचं गाव वडनेर भोलजी. बुलढाणा जिल्हा, नांदुरा तालुका. मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मध्ये, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर. या रस्त्यानं कधी गेला असाल तर आमचं गाव तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त तुमच्या लक्षात राहिलेलं नाही.

ओसरीच्या देवळीत मी बरणी ठेवली. आबा, म्हणजे माझे आजोबा, चष्मा पुसत जवळ आले. सगळं आयुष्य कपाशीत गेलेला माणूस.

"हे काय व्हय?"

"फायटर मासा आहे आबा. लढाऊ. दुसरा दिसला की मरेपर्यंत लढतो."

आबांनी बरणी उचलली, उजेडात धरली, गोल फिरवून पाहिली आणि म्हणाले, "याले लढाले जागा तरी कुठी हाय?"

मी हसले. म्हटलं, आबांना काय कळतंय. जानेवारीत एका थंड सकाळी रॉकी बरणीच्या तळाशी आडवा पडलेला दिसला. तीन महिनेही झाले नव्हते. तेव्हा मात्र आबांचं वाक्य आठवलं आणि जे आठवलं ते आजतागायत जात नाही. इंटर्नशिपमध्ये 'फीचरसाठी विषय शोध' असं सांगितलं गेलं, तेव्हा मी आधी त्या वाक्याच्याच मागे लागले.

चावऱ्या माशाचं मूळ गाव

आपण ज्याला फायटर किंवा बेटा म्हणतो, तो मूळचा थायलंडचा. शास्त्रीय नाव बेटा स्प्लेंडेन्स. थाई लोक त्याला 'प्ला कात' म्हणतात. सरळ मराठीत सांगायचं तर चावरा मासा. तिथे त्याच्या झुंजी पिढ्यान्‌पिढ्या लागत आल्या आहेत, त्यावर पैजाही लागत आल्या आहेत. सयाम म्हणजे तेव्हाचं थायलंड. तिथल्या राजाकडचे काही मासे १८४० मध्ये थिओडोर कँटर नावाच्या डॅनिश डॉक्टरच्या हाती आले. हा माणूस कंपनी सरकारच्या नोकरीत होता, बंगालकडे. त्यानं १८४९ मध्ये या माशावर लिहिलं, पण नाव देताना त्याची गल्लत झाली. ती १९१० मध्ये चार्ल्स टेट रीगन या ब्रिटिश अभ्यासकानं दुरुस्त केली आणि आजचं नाव रूढ झालं. २०१९ मध्ये थायलंडनं या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

याहून भारी गोष्ट २०२२ मध्ये पुढे आली. शास्त्रज्ञांनी पाळीव आणि रानटी बेटांची जनुकं ताडून पाहिली. निष्कर्ष असा की माणूस हा मासा किमान हजार वर्षांपासून पाळतोय. म्हणजे रॉकीची ती लांबलचक शेपूट, तो निळा रंग, ती पिसाळण्याची सवय, हे सगळं शेकडो पिढ्या माणसांनी निवडून निवडून वाढवलेलं.

मग रानातला बेटा दिसतो कसा? अगदी साधा. दोन-अडीच इंच लांब, मातकट-तपकिरी, शेपूट आखूड. अंगावर हिरवी-निळी झाक असते, पण ती तो रागावला किंवा मादीसमोर आला की उठून दिसते. एरवी गवतात तो ओळखूही येत नाही. दुकानात ठेवला तर त्याला दीडशे काय, दहा रुपयेही कुणी देणार नाही.

तो राहतो भाताच्या खाचरात, दलदलीत, कालव्याच्या गवताळ काठाला. पाणी कोमट आणि साचलेलं. अशा पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून या माशाला निसर्गानं एक जादा सोय दिली आहे. कल्ल्यांच्या वर, डोक्यात, घड्या-घड्यांचा एक अवयव असतो, लॅबिरिंथ. मासा पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि त्या अवयवातून ऑक्सिजन रक्तात जातो. ही सोय इतकी महत्त्वाची की त्याला वर येऊच दिलं नाही तर हा मासा पाण्यात असून पाण्यात गुदमरून मरतो.

आता दुकानदाराचं वाक्य आठवा. 'डबक्यातलाच मासा आहे तो.' खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. भाताचं खाचर वीतभर खोल असतं, पण पसरलेलं असतं एकरभर. उथळ म्हणजे लहान नव्हे! कमी ऑक्सिजनमध्ये जगता येतं म्हणून त्याला कमी जागेतही जगता येतं, असा हिशेब आपणच लावला. उन्हात कापूस वेचणारी बाई चार तास पाण्याविना काढू शकते, म्हणून तिला पाणी लागतच नाही असं म्हणण्यातला प्रकार झाला हा.

झुंज कशाची?

बेटाचा नर बाप म्हणून फार गुणी. पावसाळी पाण्यात गवताच्या आडोशाला तो तोंडातून बुडबुडे सोडून फेसाचं घरटं करतो. मादीनं अंडी दिली की एकेक अंडं तोंडात धरून त्या फेसात नेऊन ठेवतो. मग मादीलाही जवळ येऊ देत नाही. अंडं खाली पडलं की उचलून परत वर. पिल्लं बाहेर आली तरी पहिले काही दिवस तोच पहारा.

या घरट्याजवळ दुसरा नर आला की झुंज. पण तीही आधी बरीचशी दाखवण्याची. कल्ले फुगवायचे, पर ताणायचे, अंग आडवं करून 'बघ, केवढा आहे मी' असं सांगायचं. बहुतेक वेळा समोरचा एवढ्यानंच समजतो. नाहीच समजला तर चावाचावी होते, आणि काही मिनिटांत हरणारा काढता पाय घेतो. गवतात शिरतो आणि संपला विषय. जिंकणारा त्याच्या मागे शिवार पालथं घालत नाही, कारण त्याला घरट्याकडे परत जायचं असतं.

बरणीत हरणाऱ्याला पळायला जागा नाही. जिंकणाऱ्याला परत जायला घरटं नाही. म्हणून ती झुंज संपत नाही. 'मरेपर्यंत लढतो' हा त्या माशाचा स्वभाव म्हणून आपण सांगत फिरतो. खरं तर तो बरणीचा स्वभाव आहे.

आणि काच मध्ये असली म्हणून फरक पडतो असं समजू नका. आमच्या टेबलावर रॉकी रोज रात्री अशा शत्रूशी लढत होता जो कधी पळत नव्हता आणि कधी हरतही नव्हता. आम्ही त्याला मनोरंजन म्हणत होतो. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. करमणुकीसाठी प्राण्यांना एकमेकांवर सोडणं त्यात गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव प्राणी. मासासुद्धा. हे मला रील टाकल्यावर कळलं.

आमच्या नाल्यातला फायटर

रानटी बेटा भारतात नाही. त्याचे दूरचे भाऊबंद आहेत. गोरामी गटातले काही मासे आपल्या नद्यांमध्ये आहेत. दक्षिण भारताच्या किनारपट्टीकडे तर बोटभर लांबीचा एक चुलतभाऊ आहे, तोही फेसाचं घरटं करतो. पण आमच्या काळ्या मातीत काय?

या जुलैत गावी गेले तेव्हा हे मी आबांना विचारलं. ते काही बोलले नाहीत. दुपारचा पाऊस थांबल्यावर छत्री घेऊन निघाले, मी मागे. शिवारातल्या नाल्याला एका ठिकाणी वळण आहे. तिथे पाणी बाजूला पसरून साचतं. गुडघाभर खोल, काठाला लव्हाळं, त्यात गुरं बसून बसून झालेला चिखल. मी लहानपणापासून त्या जागेला 'डबकं' म्हणत आले आहे.

"पाय," आबा म्हणाले. त्यांच्या भाषेत पाय म्हणजे पाहा.

पाण्यावर शेंदूर सांडल्यासारखा एक लाल-नारिंगी ठिपका हलत होता. जवळून पाहिलं तर शेकडो बारीक पिल्लं. मरळची पिल्लं. सगळी एकत्र वर येऊन हवा घेत होती, पुन्हा खाली जात होती. मरळलाही बेटासारखी हवेतून श्वास घेण्याची सोय असते. आबांनी काठीचं टोक त्या ठिपक्याजवळ नेलं आणि पाणी फाटलं! खालून हातभर लांबीचा काळसर मासा उसळला, काठीवर तोंड आपटलं आणि दिसेनासा झाला. पिल्लांचा ठिपका तसाच.

"माय-बाप दोघं बी खाली बसून रायतात," आबा म्हणाले. "अन डोक त पिलाईले तोंडात घेऊन फिरते."

डोक म्हणजे मरळचाच छोटा भाऊ. गावागणिक त्याचं नाव बदलतं, पण ओहोळात दगडाखाली राहणारा हा मासा तुमच्याकडेही असणार. त्याचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो. तोवर त्याचं खाणंपिणं जवळपास बंद. आणि त्या काळात दुसरा नर त्याच्या दगडाजवळ आला की काय होतं हे तुम्ही ओळखलंच असेल.

मी बावीस वर्षांची आहे. त्यातली अठरा वर्षं या नाल्यापासून हाकेच्या अंतरावर काढली. झुंजणारा मासा पाहायला मी दीडशे रुपये दिले. आणि घर राखणारा, बापपण निभावणारा, हवेवर जगणारा मासा माझ्या घरामागे फुकट होता, मला त्याचा पत्ताच नव्हता. तुमच्याही घरामागे असं काही आहे का? खरंच विचारतेय.

नाला खोल झाला, काठ कुठे गेला?

आता मुद्द्याचं. त्या वळणाच्या वरचा आणि खालचा नाला आता खोल झाला आहे. तो कुणी केला, कुठल्या योजनेतून, त्यात मला जायचं नाही. कारण तक्रार खोलीकरणाची नाहीच.

आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं ते 'बुलढाणा पॅटर्न'मुळे. कल्पना साधी आणि हुशार आहे. महामार्गाला माती-मुरूम लागतो. तो कुठून तरी डोंगर फोडून आणण्यापेक्षा तलाव, नाले, नदीपात्रातून घ्यायचा. रस्त्याला भराव मिळतो, गावाला पाणीसाठा मिळतो आणि गाळ काढायचा वेगळा खर्च वाचतो. नीती आयोगानंही याची दखल घेतली. त्याआधीपासून जलयुक्त शिवार आहेच. ज्यांच्या विहिरीला त्यामुळे पाणी वाढलं त्यांना जाऊन विचारा. माझ्या काकांना विचारा.

मी विचारलं. मासे, काठ, लव्हाळं, सगळं समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माशापायी नाला उथळ ठेवू काय? तुरीले पानी तुहा डोक देईन?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. असायलाही नको. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात गोड पाण्याची किंमत काय असते हे मला कुणी शिकवायला नको. शेतकऱ्याच्या पाण्याविरुद्ध माशाचं घर, असा सामना लावला तर मी काकांच्या बाजूनं आहे.

पण असा सामना आहे का? मी खोल झालेल्या नाल्यावर परत गेले. पोकलेननं दोन्ही काठ सरळ उभे कापलेत. वरून पाहिलं तर एखादी मोठी चारी वाटते. पाणी आहे, भरपूर आहे. पण गवत नाही, उथळ कड नाही, दगड नाहीत. मरळला घरटं करायला उथळ गवताळ पाणी लागतं. ते इथे नाही. बेडकाला अंडी घालायला नाही. बगळ्याला पाय टेकायला नाही.

आणि काकांच्या म्हशीलाही नाही. हे माझं नाही, काकांचंच वाक्य. "ढोराईले उतराले जागा नाही राह्यली," ते त्याच संध्याकाळी बोलता बोलता म्हणाले. उभ्या काठाच्या खड्ड्यात, शेततळ्यात पोहायला उतरलेली पोरं वर येता न आल्यानं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आमच्या पेपरातही येतात. मी त्यांची प्रुफं तपासली आहेत.

म्हणजे ज्याला माशाची कड म्हणायचं तीच म्हशीची कड आहे आणि तीच पोराच्या जिवाची कड आहे. नाला खोल करा. हवा तेवढा करा. पण दर काही अंतरावर एका बाजूचा काठ उतरता ठेवा. जिथे वळणावर पाणी आधीच पसरतं ती जागा तशीच सोडा. तिथलं लव्हाळं खरवडू नका. याला जादा पैसे लागत नाहीत. पोकलेनवाल्याला आधी सांगावं लागतं, एवढंच. आणि सांगायला कुणीतरी काठावर उभं असावं लागतं.

हे मांडल्यावर काका म्हणाले, "हे जमते." बस. दोन शब्द. माझ्या रीलच्या सगळ्या लाइक्सपेक्षा मला ते जास्त वाटले.

कागदावर नसलेलं पाणी

तुम्ही म्हणाल, पाणथळ जागांसाठी कायदा आहे की! आहे. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम आहेत. पण त्यांची व्याख्या वाचा. नदीनाल्याचं पात्र त्यात येत नाही. भाताची खाचरं येत नाहीत. सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसानं बांधलेले साठे येत नाहीत. म्हणजे थायलंडचा बेटा उद्या भारतात जन्माला आला असता, तर त्याचं घर आपल्या कायद्यात पाणथळ जागाच नसती. डोक आणि मरळ इथे जन्माला आलेच आहेत, आणि आमचा नालाही त्यात नाही.

आमच्या जिल्ह्यात लोणार आहे. २०२० मध्ये लोणार सरोवराला रामसर दर्जा मिळाला, नांदूर मधमेश्वरनंतरचं महाराष्ट्रातलं दुसरं रामसर स्थळ. आनंदाची गोष्ट. २०१९ च्या शेवटी टिपेश्वरचा वाघ शेकडो किलोमीटर चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. तेव्हा तर काय, सगळ्या चॅनेलवर बुलढाणा. मलाही अभिमान वाटला. पण वाघ आला की बातमी होते. डोक गेला की होत नाही, कारण तो होता हेच कुणी लिहून ठेवलेलं नसतं. त्याच्या जागेला आपण आधीच 'डबकं' म्हणून ठेवलेलं असतं, आणि डबकं तर बुजवायचंच असतं ना?

थायलंडमध्ये नेमकं हेच झालं. ज्या माशाला राष्ट्रीय मान दिला तो दुकानांत लाखांनी आहे आणि रानात कमी होतोय. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत रानटी बेटा स्प्लेंडेन्स 'असुरक्षित' म्हणून नोंदलेला आहे. कारणं दोन. शहरं आणि शेतीच्या बदलांमुळे त्याचं पाणी गेलं, आणि पाळीव मासे बाहेर सुटून रानटी माशांत मिसळले. बँकॉकला लागून समुत साखोन नावाचा भाग आहे. तिथल्या मचूळ पाण्यात, निपा नावाच्या ताडाच्या दलदलीत बेटाची एक वेगळीच जात राहते. तिला शास्त्रीय नाव मिळालं २०१२ मध्ये. तोवर आजूबाजूला कारखाने आणि वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. बारसं होईपर्यंत घर अर्धं विकलं गेलेलं!

मग आपण काय करायचं?

मोठमोठ्या गप्पा मला जमत नाहीत. चार गोष्टी सांगते, चारही जमण्यासारख्या आहेत.

एक. बरणीतला बेटा विकत घेऊ नका. मागणी थांबली की डब्यांची ती भिंत आपोआप छोटी होईल. आधीच आणला असेल तर त्याला निदान वीस लिटरची टाकी द्या. पाणी कोमट राहील असं बघा, लपायला झाडं ठेवा, पाणी आणि झाकण यांच्यामध्ये हवेला जागा ठेवा. आणि समोर दुसरा नर किंवा आरसा धरून रील करू नका. मी केलं, म्हणून सांगते.

दोन. कंटाळा आला म्हणून पाळीव मासा नाल्यात, तळ्यात, विहिरीत सोडू नका. 'बिचाऱ्याला मोकळं केलं' असं वाटतं, पण परका मासा इथल्यांच्या जिवावर उठू शकतो. थाई मांगूर आपल्या पाण्यात कसा पसरला आणि मग त्यावर बंदी आणायची वेळ कशी आली, हे मासे धरणाऱ्या कुणालाही विचारा. डासांसाठी टाक्यांत सोडतात ते गप्पी मासेसुद्धा मूळचे दक्षिण अमेरिकेचे. घरच्या टाकीत ठीक, पण जिथे आधीच देशी मासे डासांच्या अळ्या खातायत अशा वाहत्या नाल्यात त्यांना नेऊन ओतायची गरज काय?

तीन. गावात खोलीकरणाचं काम निघालं की काठावर जा. ग्रामसभेत एक वाक्य बोला: 'एक बाजू उतरती ठेवा.' माशाचं नाव घ्यायचं नसेल तर घेऊ नका. म्हशीचं घ्या, पोरांचं घ्या. काम तेच होईल.

चार. तुमच्या घराजवळचं एक डबकं निवडा आणि वर्षभर पाहा. ई-क्लास जमिनीतलं असो, रस्त्याकडेच्या खड्ड्यातलं असो. पहिल्या पावसात काय आलं, श्रावणात काय दिसलं, उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा चिखलात काय राहिलं. वहीत लिहा, फोटो काढा. गावातल्या म्हाताऱ्यांना, मासे धरणाऱ्या भोई मंडळींना नावं विचारा. आपल्या पिढीच्या हातात कॅमेरा आहे आणि त्यांच्या डोक्यात नावं आहेत. ही दोन माणसं एका काठावर फार दिवस भेटणार नाहीत. आबांना यंदा अठ्ठ्याहत्तरावं लागलं.

ती जुनी रील मी काढून टाकली. त्याआधी एकदा शेवटची पाहिली. म्युझिक बंद करून पाहिली, तर काचेवर टक-टक असा बारीक आवाज येत होता. तो मला पहिल्यांदाच ऐकू आला.

परतीच्या आदल्या दिवशी मी एकटीच नाल्याच्या वळणावर गेले. चप्पल काढून पाण्यात पाऊल ठेवलं. लाल ठिपका जरा दूर होता. मी आणखी एक पाऊल टाकलं. खालून पाणी ढवळलं आणि माझ्या घोट्यावर काहीतरी धाडकन आपटलं. मी किंचाळून मागे सरले आणि लव्हाळ्यात बसकण मारली. मरळ पुन्हा आला नाही. मी मागे सरले होते, तेवढं त्याला पुरलं. थोड्या वेळानं ठिपका हळूहळू काठाकडे सरकला. मग मीही उठले आणि घरी आले.